पाच ताटांचा आचारी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांना सगळे उस्ताद म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ फक्त पगाराच्या दिवशी यायची. एकतीस वर्षं उस्तादांनी रोज दुपारी चारशे माणसांना जेवू घातलं. बाराचा भोंगा व्हायच्या आत भात उतरलेला, डाळ उकळत असलेली आणि परतलेल्या कांद्याचा वास थेट भट्टीखात्यापर्यंत पोचलेला. मीठ ते कधी मोजत नसत. मूठभर घ्यायचे, पातेल्यावरून हात एकदा गोल फिरवायचे, संपलं काम. "माझ्या हाताला माप ठाऊक आहे," असं ते म्हणायचे, आणि कुणी वाद घालत नसे, कारण ते खरंच होतं.

घरी मात्र त्यांनी कधी चहाचं आधणही ठेवलं नव्हतं. "दिवसभर शेगडीपुढे उभा असतो, घरी तरी मला आयतं ताट मिळू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायकोने ते वाक्य इतकी वर्षं ऐकलं की शेवटी शेवटी ती त्यांच्या आधीच म्हणून टाकायची आणि ताट वाढायला घ्यायची.

निवृत्त झाल्यावर उस्ताद तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत पेपर वाचत बसू लागले. मुलगा गोदामात माल चढवायचा-उतरवायचा, सून पोस्टाच्या खिडकीवर बसायची, आणि नात दुसरीत होती. नात दिसायला एवढीशी, पण बोलायला लागली की समोरच्याच्या नाकाला झोंबायची, म्हणून उस्तादांनी तिचं नाव मिरी ठेवलं होतं.

मग एकाच वर्षात या घरात तीन कागद आले. पहिला मिरीचा. सारखं पोट दुखायचं, वजन वाढेना, डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की गहू तिच्या आतड्यांना सोसत नाही, गव्हाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. दुसरा उस्तादांच्या बायकोचा. तिच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. मीठ अगदी कमी, टोमॅटो नको, बटाटा जपून, डाळ मोजून. आणि तिसरा कागद खुद्द उस्तादांचा. साखर वाढली होती. भात कमी, गोड बंद, भाज्या आणि डाळ भरपूर.

तिन्ही कागद सुनेने फ्रिजच्या दारावर लावले, आणि ते शेजारी शेजारी लागल्यावरच घोळ लक्षात आला. सासूबाईंना भात चालतो तर सासऱ्यांना नको. सासऱ्यांना डाळ हवी तर सासूबाईंना ती बेतानेच. मिरीसाठी खास दुकानातून बिनगव्हाची बिस्किटं आणि पाव आणायचे, तर त्या इवल्याशा पुड्याच्या किमतीत घरात चार दिवसांची भाजी आली असती. आणि या सगळ्यात दिवसभर पोती उचलून आलेला नवरा ताटावर बसून म्हणायचा, "मला आजार नाही हा माझा गुन्हा आहे का? पोटभर काहीतरी द्या."

सून बिचारी सकाळी उठून चार चुली मांडल्यासारखी चार प्रकार करायची आणि मग धावतपळत पोस्ट गाठायची. एका सकाळी तिने मिरीच्या डब्यात नवऱ्याच्या डब्यातला पाव भरला. जिन्यात पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती परत वर आली, डबा बदलला आणि तशीच चपलांसकट स्वयंपाकघरात खाली बसली. रडली नाही, काही नाही. नुसती बसून राहिली.

उस्तादांनी पेपर खाली ठेवला.

"ऊठ गं पोरी," ते म्हणाले. "जा तू कामाला. उद्यापासून हे खातं माझं."

"बाबा, तुम्हाला नाही जमायचं ते."

"मला? अगं, चारशे माणसं जेवू घातली आहेत मी. पाच माणसांचं काय घेऊन बसलीस!"

आतल्या खोलीतून बायको हसल्याचा आवाज आला. उस्तादांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडलं. हाताला सवय चारशेंची. भाजी चिरायला बसले की थांबायचं कुठे ते कळेना. दुपारी भाताचा डोंगर, रात्री तोच भात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच, आणि मिरी म्हणाली, "आजोबा, हा भात माझ्याबरोबर चौथीपर्यंत येणार का?" शिवाय पाच जणांसाठी पाच पातेली चढायची, म्हणजे गॅसची एक शेगडी मोकळी नाही. महिन्याचं सामान एकोणीस तारखेला संपलं. उस्ताद रिकाम्या डब्यांची झाकणं उघडून पुन्हा लावत राहिले, जणू दुसऱ्यांदा उघडल्यावर आत काहीतरी सापडणार होतं.

पण यातलं काहीच त्यांना इतकं लागलं नाही, जितकं बायकोचं ताट लागलं. बायको चार घास खायची आणि ताट बाजूला सारायची. तक्रार नाही, नाक मुरडणं नाही. "पोट भरलं," एवढंच. एकतीस वर्षांत उस्तादांच्या हातचं ताट कुणी अर्धं टाकून उठलं नव्हतं. मिठाशिवायच्या त्या भाजीची त्यांनी चव बघितली तेव्हा त्यांनाच ती गिळवेना.

आणि मग त्यांनी नको ते केलं. बायकोच्या भाजीत चिमूटभर मीठ टाकलं. चिमूटभर म्हणजे त्यांच्या चिमटीतलं, जी चिमूट चारशेंच्या पातेल्यावर घडलेली. बायकोने त्या दिवशी ताट स्वच्छ केलं. उस्तादांच्या जिवाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं, तिसऱ्या दिवशीही.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा बायकोचे पाय सुजले होते. चपलेचा पट्टा घोट्यात रुतला होता. डॉक्टरीणबाईंनी बोटाने पाय दाबून पाहिला, खड्डा तसाच राहिला. रक्तदाबही वर गेलेला.

"मीठ कुठून जातंय?" त्यांनी विचारलं. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

उस्ताद पुढे सरकले. ते काही बोलणार तोच बायको म्हणाली, "मीच हो. शेजारणीकडे बसते ना दुपारी, तिथे खारे दाणे खाल्ले जातात. जीभ ऐकत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिची चांगली खरडपट्टी काढली. लहान मुलीसारखी मान खाली घालून तिने सगळं ऐकून घेतलं. बाहेर बाकावर येऊन बसल्यावर उस्तादांनी टोपी काढून हातात घेतली.

"शेजारीण तर दोन महिने झाले गावी गेली आहे," ते म्हणाले.

"हो ना."

"मग असं का सांगितलंस? मीठ मी घालत होतो."

"मला काय जीभ नाही? पहिल्याच घासाला कळलं."

"मग खाल्लंस कशाला?"

"तुम्ही दारातून बघत उभे होतात," बायको म्हणाली. "मी घास घेतला की तुमचा चेहरा असा फुलायचा की मला नाही म्हणवेना." आणि लगेच म्हणाली, "पण आता पुरे. गोष्टी मीठमिरची लावून सांगायची तुमची सवय तेवढी राहू दे. माझ्या ताटातलं मीठ सोडा."

उस्ताद उठले, तसेच आत गेले आणि डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगून आले. त्यांना किती बोलणी बसली ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा कान लाल होते आणि हातात आहारतज्ज्ञ बाईंची पुढच्या सोमवारची चिठ्ठी होती.

त्या सोमवारच्या आधीच एक गोष्ट घडली. संध्याकाळी भाजीबाजारात उस्ताद कोबी निवडत होते, तेव्हा पलीकडून कुणीतरी हाक मारली, "उस्ताद! तुम्ही आणि पिशवी घेऊन?" कारखान्यातले जुने स्टोअरकीपर होते ते. उस्तादांच्या चार वर्षं आधी निवृत्त झालेले, सडपातळ, अजूनही शर्टाच्या खिशाला पेन. दोघं चहाच्या टपरीवर बसले. उस्तादांनी बिनसाखरेचा मागितला आणि मन मोकळं केलं. मिठाचा किस्साही सांगितला.

स्टोअरकीपरनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "उस्ताद, कॅन्टीनची तीन नंबरची खिडकी आठवते का?"

आठवत होती. रक्तदाबवाल्यांची ती खिडकी. व्यवस्थापनाचा हुकूम होता म्हणून दहा-बारा माणसांसाठी बिनमिठाचं वेगळं काढायचं. उस्ताद त्या पातेल्याकडे कधी वळूनही बघत नसत. भाजी पाण्यात उकडायची आणि द्यायची पाठवून. 'आजाऱ्यांना चव कशाला हवी' असं ते एकदा बोललेही होते, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

"मी त्या खिडकीवर नऊ वर्षं जेवलो," स्टोअरकीपर म्हणाले.

उस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला. नऊ वर्षं हा माणूस समोरून जात होता, नमस्कार करत होता, आणि त्याच्या ताटात काय पडतंय याचा आपल्याला पत्ता नव्हता.

"एकदा तरी बोलायचं होतंत."

"काय बोलणार? तुमचा तोरा केवढा! पण मी माझी सोय केली होती. रोज खिशात अर्धं लिंबू आणायचो, आणि पुडीत भाजलेल्या जिऱ्याची पूड. लिंबू पिळलं की जीभ जरा फसते. मीठ नाही हे तिला उशिरा कळतं." ते हसले. "तुमच्यासारख्या आचाऱ्याने त्यात लक्ष घातलं असतं तर आम्ही बोटं चाटत जेवलो असतो."

"चुकलंच माझं," उस्ताद म्हणाले.

"अहो, आता काय त्याचं. वहिनींना करून घाला."

त्या रात्री उस्तादांनी पेपर उघडला नाही. फ्रिजवरचे तिन्ही कागद काढून टेबलावर मांडले आणि मिरीची पेन्सिल घेऊन बसले. काय नको ते आजवर सगळ्यांनीच वाचलं होतं. त्यांनी तिघांनाही काय चालतं ते खाली उतरवायला घेतलं. कोबी चालतो. फरसबी, फ्लॉवर, कांदा, लसूण. तेल बेताने. लिंबू, काळी मिरी, जिरं. यादी बघता बघता लांब झाली.

सोमवारी ती यादी घेऊन ते आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसले. बाई वयाने सुनेपेक्षाही लहान होत्या, पण उस्तादांनी शाळेतल्या पोरासारखी वही उघडली.

"लिंबू चालेल, पण दिवसाला अर्ध्याच्या वर नको," बाई म्हणाल्या. "बटाटा द्यायचाच झाला तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या. आणि हो, दुकानात ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, ते आजींना अजिबात देऊ नका. त्यात पोटॅशियम असतं."

उस्तादांनी कपाळाला हात लावला. आदल्याच दिवशी ते त्या डबीसमोर उभे राहून घ्यावी की नको असा विचार करत होते.

"आणि तुमचं स्वतःचं काय?" बाईंनी विचारलं. "चव बघता का स्वयंपाक करताना?"

"म्हणजे काय, बघावीच लागते."

"किती वेळा?"

उस्तादांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि दुसऱ्या हातावर आले. बाई हसल्या. तिथून पुढे चव बघायला एक छोटा चमचा ठरला, तोही तीनदाच, आणि तो चमचा मिरीच्या ताब्यात गेला. सुट्टीच्या दिवशी ती शेगडीजवळ स्टुलावर बसून ओरडायची, "आजोबा, झाले तीन चमचे! आता नाही मिळणार!"

उस्तादांनी स्वयंपाकाची रीतच बदलली. पाच पातेली गेली, एक मोठं आलं. आधी तेलात लसूण सावकाश तपकिरी होऊ द्यायचा, कांदा चांगला खरपूस परतायचा, कारण मीठ नसलं की सगळा भार या दोघांवर. मग भाज्या. शिजल्या की सगळ्यात आधी बायकोचं काढून घ्यायचं, त्यावर लिंबू, ताजी कुटलेली काळी मिरी, जिऱ्याची पूड. मग उरलेल्यात मीठ आणि टोमॅटो, आणि शिजलेली डाळ. त्यातलं स्वतःचं वाढून घ्यायचं, वाटीभर भात आणि बाकी सगळी भाजी. मिरीला तेच, वर भात हवा तेवढा. शेवटी पातेल्यात जे राहील त्यात उकडलेले बटाटे आणि तिखट घालून मुलाचं आणि सुनेचं, वर दोन दोन अंडी. पातेलं एकच, पण ते टप्प्याटप्प्याने रिकामं व्हायचं.

गहू घरातून पार हद्दपार झाला. यावरून मुलाने थोडी कुरकुर केली.

"बाबा, पाव तरी ठेवा एक. मी माझ्या कोपऱ्यात खाईन."

"तुझ्या कोपऱ्यातली सुरी मिरीच्या टोमॅटोला लागते," उस्ताद म्हणाले. "मागच्या महिन्यात दोन दिवस पोट धरून बसली होती ना? पाव गोदामाच्या दारातल्या गाड्यावर खा, हात धू आणि घरी ये."

मुलाने लेकीकडे पाहिलं आणि विषय संपवला. खास दुकानातले महागडे पुडेही बंद झाले, कारण भात, बटाटे, डाळ आणि अंडी यांत गहू नसतोच. त्यासाठी वेगळ्या दुकानात जायची गरज काय? कॅन्टीनला माल देणारा घाऊक दुकानदार अजून ओळख ठेवून होता. त्याच्याकडून तांदळाचं आणि डाळीचं पोतं यायला लागलं. भाजी उस्ताद संध्याकाळी आणायचे, बाजार उठायच्या बेताला, भाव उतरल्यावर. कोबीचे दांडे, फ्लॉवरचे देठ, काही फेकायचं नाही, सगळ्यांचं सूप. रविवारी दुपारी मिरी आणि ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवड्याचं जेवण लिहायचे. मिरीचं अक्षर, उस्तादांचं डोकं. बुधवारी फ्लॉवर असेल तर गुरुवारी देठांचं सूप, हे लिहिताना ती इतकी गंभीर व्हायची की जणू कारखानाच चालवते आहे.

हे सगळं एका दिवसात बसलं नाही. एकदा मीठ घातल्यावर आठवलं की बायकोचं काढायचं राहिलं. त्या दिवशी तिने भात आणि लिंबू खाल्लं आणि दिवसभर त्यांना चिडवलं. एकदा डाळ लागली. पण महिनाअखेरीला डब्यांत हात घातला तर हाताला काहीतरी लागायला लागलं, आणि सून सकाळी चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी उभी राहू लागली. पहिल्यांदा तिला तसं निवांत उभं पाहिलं तेव्हा उस्तादांनी मुद्दामच भांड्यांचा आवाज केला नाही.

सगळ्यात मोठी गंमत मात्र त्यांची त्यांनाच कळली. एका दुपारी घरात दोघंच होती. बायकोचं ताट वाढलं, आणि उरलेल्या भाजीत मीठ घालायचा त्यांना कंटाळा आला. तिच्यातलंच थोडं वाढून घेतलं. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. लसणाचा खमंगपणा, फरसबीचा गोडवा, मागून लिंबू. एकतीस वर्षं हातात घोळवलेल्या फरसबीला स्वतःची अशी चव असते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"चांगली झाली आहे गं."

"मग! मी काय रोज तुमचं मन राखायला ताट पुसते?"

पुढच्या तपासणीत सूज उतरली होती, रक्तदाब ताळ्यावर होता. किडन्या काही पूर्वीसारख्या होणार नव्हत्या, ते डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. पण आहे तिथे टिकून आहेत, असंच चालू ठेवा, म्हणाल्या. उस्तादांची साखरही उतरली. मिरीचा शाळेचा स्कर्ट कमरेत घट्ट व्हायला लागला, आणि तो उसवताना सून गुणगुणत होती.

बाहेरच्या खोलीतलं टेबल चौघांचं होतं. आता पाचही जण एकदम जेवायला बसू लागले, म्हणून पाचवी खुर्ची उस्तादांनी जुन्या बाजारातून आणली, एक पाय जरा लंगडा, तो त्यांनीच ठोकून नीट केला. स्टोअरकीपरना एका रविवारी जेवायला बोलावलं. त्यांना बायकोसाठी काढलेलंच वाढलं. ते सावकाश जेवले, आणि मग ताट पुढे केलं. उस्तादांनी पुन्हा वाढलं.

पावसाळा सरता सरता आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला. दवाखान्यात रोज अशीच माणसं येतात, म्हणाल्या, हातात कागद आणि चेहऱ्यावर गोंधळ. मी तोंडाने सांगते, पण त्यांच्यासमोर कुणी करून दाखवलं तर? बुधवारी सकाळी एक तास याल का?

उस्ताद लगेच हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाबरले. "कॅन्टीनमध्ये मी कधी कुणाला शिकवलं नाही गं. नुसता ओरडायचो."

"मी येते बरोबर," बायको म्हणाली. "ओरडलात की खोकते."

आता दर बुधवारी ती दोघं जातात. औषधांच्या खिडकीमागच्या खोलीत एक शेगडी, एक पातेलं, समोर आठ-दहा खुर्च्या. गेल्या बुधवारी एक तरुण रिक्षावाला आला होता. त्याच्या आईला किडनीचा त्रास, बायकोला दिवस गेलेले, हाताशी पैसे थोडेच. त्याने आयुष्यात कधी कांदा चिरला नव्हता. उस्तादांनी त्याच्या हातात सुरी दिली. त्याने चिरलेल्या कांद्याचे तुकडे बघून पुढच्या रांगेतल्या दोन बायका हसल्या. उस्तादांचा आवाज जरा चढला, "अरे, असा नाही...", तेवढ्यात पहिल्या खुर्चीवरून खोकला ऐकू आला.

"असा नाही," उस्ताद हळू आवाजात म्हणाले, "पण चालेल. शिजल्यावर कळत नाही. आता लसूण घे."